एमएनडी घरात आल्यावर: प्रत्येक सोय एक पायरी आधी

मोटर न्यूरॉन आजार, म्हणजे एमएनडी, यात स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जातात आणि हात, पाय, गिळणं, बोलणं, श्वास यांची ताकद हळूहळू जाते. तो घरात आला की सुरुवातीला सगळं घर एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतं: औषध काय? त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. उरतं ते रोजचं काम. ठाण्यात आणि नवी मुंबईत घरी पेशंट सांभाळणारी आम्ही काही कुटुंबं जे शिकलो ते एवढंच, की इथे प्रत्येक सोय गरज पडण्याच्या एक पायरी आधी करायची असते. हात चालतोय तोवर सह्यांची कामं, आवाज आहे तोवर आवाजाचं रेकॉर्डिंग, श्वास बरा आहे तोवर अन्नासाठी पोटातली नळी. अजून चालत असलेल्या माणसासमोर व्हीलचेअरचं माप घ्यायला हिंमत लागते, आणि ती बहुतेक वेळा पेशंटपेक्षा घरच्यांनाच जास्त गोळा करावी लागते.

आजाराची सुरुवात बऱ्याचदा मानेच्या मणक्यावर ढकलली जाते. हाताची पकड सुटते, चप्पल पायातून निसटते, अंगठ्याखालचा मांसल भाग बसत जातो, दंडावर कातडीखाली सारखं फडफडत राहतं. पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये मानेत काही ना काही झीज दिसतेच, आणि मग ऑपरेशनचा सल्ला मिळतो. त्याला होकार देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी), एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) करून घ्या. या आजारात ताकद जाते, स्पर्श शाबूत राहतो. बधिरपणा, मुंग्या ठळक असतील तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात. ईएमजीमध्ये हात, पाय, पाठ, कधी जीभ अशा वेगवेगळ्या भागांत बारीक सुई घालतात. ती दुखते, हे पेशंटला आधीच सांगावं. रक्तात बी१२, थायरॉइड, सीपीके (स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम) बघतात. शक्य असेल तर जीएम१ अँटिबॉडीही तपासून घ्याव्यात, कारण मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी नावाचा आजार अगदी असाच दिसतो आणि तो आयव्हीआयजीने, म्हणजे शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनने, सुधारतो. तरुण मुलाचा एकच हात कोपराखाली बारीक होत असेल तर हिरायामा आजाराचा विचार करतात. तो काही वर्षं वाढतो आणि बहुतेकदा थांबतो.

दुसरं मत एकदा जरूर घ्या. मुंबईत केईएम, नायर, सायन यांसारखी शिकवणारी हॉस्पिटलं आहेत, बंगळुरूला निम्हान्स आहे. दोन न्यूरॉलॉजिस्टनी तेच सांगितलं की शोध थांबवा. याच काळात कुणीतरी स्टेम सेलचं पॅकेज घेऊन येतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त मंजूर झालेल्या चाचणीत देता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? तेच पैसे पुढे बायपॅपला (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र), खाटेला आणि नर्सिंग ब्युरोच्या माणसाला लागणार आहेत.

औषधांचं थोडक्यात. रिल्युझोल ५० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. चाचण्यांत त्याने आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढलं. ताकद परत येत नाही. लिव्हरची तपासणी पहिले तीन महिने दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. गोळी कुटून तोंडातून दिली तर तोंड बधिर होतं आणि ठसका लागतो, हे लक्षात असू द्या. एडाराव्होन शिरेतून देतात: ६० मिलिग्रॅम, पहिल्या फेरीत १४ दिवस रोज, मग १४ दिवस सुट्टी, पुढच्या फेऱ्यांत १४ पैकी १० दिवस. ते घ्यावं की नाही हे येण्याजाण्याचा शीण धरून डॉक्टरांशी बोलून ठरवा. एसओडी१ जीनमधल्या दोषामुळे झालेल्या आजारासाठी टोफरसेनला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून घराण्यात आणखी कुणाला हा आजार असेल तर जनुकीय तपासणीला अर्थ आहे.

स्टीफन हॉकिंगचं नाव प्रत्येक घरात कुणीतरी काढतंच. १९६३ मध्ये निदान, २०१८ मध्ये मृत्यू. हा अपवाद आहे. बहुतेकांच्या हातात लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं असतात, काहींना दहापेक्षा जास्त मिळतात. हॉकिंगकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९८५ मध्ये त्यांना श्वासनलिकेला छिद्र करावं लागलं, आवाज गेला, त्यानंतर चोवीस तास नर्स होत्या, आणि त्या सोयीवर त्यांनी पुढचं सगळं काम केलं.

आता जेवण. या आजारात वजन घटणं वाईट, आणि ते गुपचूप घटतं. महिन्यातून दोनदा वजन करा. उभं राहता येत नसेल तर घरच्या माणसाने पेशंटला उचलून काट्यावर उभं राहण्याच्या फंदात पडू नये. दंडाचा घेर टेपने मोजून वहीत लिहिला तरी कल कळतो. मूळ वजनाच्या पाच टक्के गेले की आहारतज्ज्ञ, दहा टक्के गेले की पेगचं, म्हणजे पोटाला छिद्र करून थेट जठरात बसवायच्या अन्नाच्या नळीचं, बोलणं लांबवू नका. तूप, लोणी, सायीचं दही, श्रीखंड, शेंगदाण्याचं मऊ वाटण हे सगळं वाढवायचं. डायबेटिस असेल तर औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, ताटातलं कमी करू नका.

गिळायला सगळ्यात अवघड असतं पाणी आणि चहा. पातळ पदार्थ जिभेवरून घशात लवकर घसरतो आणि श्वासनलिका बंद व्हायच्या आत तिथे पोचतो. त्याखालोखाल त्रास देतात ते दोन पोतांचे पदार्थ: रस्सा आणि फोड, पातळ वरण आणि मोकळा भात, दुधात बुडवलेली बिस्किटं. पोहे, चिवडा, उपम्यातली डाळ, राजगिरा हे सुटे कण घशात अडकतात. जमतं ते एकजीव: घोटलेली मुगाची खिचडी, मऊ शिरा, नाचणीचं सत्व, सातूचं पीठ ताकात कालवून, शिजवून चाळलेला भोपळा. पाण्यासाठी मेडिकलमध्ये झँथन गमची घट्ट करणारी पावडर मिळते. चमचा कलता केल्यावर सावकाश ओघळेल इतपत घट्ट करायचं, चमच्याला चिकटून बसेल असं नाही. पेशंट सरळ बसलेला, हनुवटी किंचित छातीकडे, छोटा घास, एकदा गिळून झाल्यावर पुन्हा रिकामं गिळणं. जेवताना टीव्ही बंद आणि प्रश्न विचारणं बंद. ठसका लागला तर पुढे वाकवा, पाणी पाजू नका, आणि पेशंट खोकेल त्याच क्षणी बरगड्यांखाली तळहाताने आत आणि वर दाबा. त्यामुळे खोकल्याला जोर येतो.

पेगबद्दल लोक म्हणतात, ‘अजून तोंडाने खातोय ना, मग कशाला?’ कारण नळी बसवताना आडवं झोपून गुंगी घ्यावी लागते, आणि फुप्फुसाची क्षमता, म्हणजे एफव्हीसी, ५० टक्क्यांखाली गेली की तो धोका वाढतो. नळी बसवली तरी तोंडाने चवीपुरतं खाणं चालू राहतं. ज्या घरात जेवणाला दीड-दीड तास लागायला लागला होता तिथे नळीनंतर जेवण पुन्हा आनंदाचं झालं. नळीतून एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, वीस ते तीस मिनिटांत, ५० मिलिलिटरची सिरिंज उंच धरून आपल्या वजनाने उतरू द्यायचं, दट्ट्या दाबायचा नाही. आधी आणि नंतर ३० ते ५० मिलिलिटर पाणी. पाठीचा भाग निदान ३० अंश वर, आणि नंतर तासभर तसाच. नळी तुंबते ती दोन गोष्टींनी: नीट न चाळलेलं घरचं अन्न, आणि दोन-तीन गोळ्या एकत्र कुटून दिल्यामुळे. नाचणीचं सत्व गरम असताना पातळ वाटतं आणि गार होता होता नळीतच घट्ट होतं, म्हणून ते जास्त पातळ करून द्या. तुंबलीच तर कोमट पाणी भरून सिरिंज हलक्या हाताने पुढे-मागे करायची. तार घालायची नाही. नळी निघून आली तर पोटाचं छिद्र काही तासांत बुजायला लागतं, म्हणून त्याच मापाचा फोलिज कॅथेटर घरात ठेवा. तो कुणी आणि कसा घालायचा हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या, आणि घातल्यावर तो जागेवर आहे याची हॉस्पिटलमध्ये खात्री झाल्याशिवाय त्यातून काही देऊ नका.

श्वासाची बाजू सगळ्यात महत्त्वाची, आणि इथेच सर्वात उशीर होतो, कारण पेशंट धापा टाकत नाही. त्याला सकाळी डोकं जड होतं, रात्री भलतीसलती स्वप्नं पडतात, दिवसा पेंग येते, दोन उशांच्या तीन होतात, बोलताना वाक्य लहान होत जातं. ऑक्सिमीटर मात्र ९५ दाखवतो. कारण अडचण ऑक्सिजन आत घेण्याची नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची आहे. दर तीन महिन्यांनी एफव्हीसी करा, बसून आणि झोपून दोन्ही. ओठ मिटत नसतील तर ती तपासणी खोटं बोलते. तेव्हा नाकाने हुंगून करायची स्निप तपासणी आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड यांवर भिस्त ठेवायची.

यंत्र घ्यायचं ते बायपॅप, एसटी मोडचं. म्हणजे पेशंटने श्वास घ्यायचा चुकवला तरी यंत्र ठरलेल्या गतीने देतं. दुकानदार ‘झोपेचं मशीन’ म्हणून सीपॅप पुढे करतात. ते या आजाराचं नव्हे. आकडे छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचे. सुरुवात बहुधा आत घेण्याचा दाब ८ ते १०, बाहेर सोडण्याचा ४, आणि हळूहळू वाढ. पहिल्याच रात्री आठ तास लावून कुणाला सवय होत नाही. दुपारी बसल्या बसल्या अर्धा तास, मग दुपारच्या झोपेत, मग रात्रीचा पहिला प्रहर. गिळणं-बोलणं बरं असलेल्या पेशंटना बायपॅपने किती फरक पडतो हे २००६ च्या एका इंग्लिश चाचणीत दिसलं: रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्या पेशंटचं आयुष्य २०५ दिवसांनी वाढलं. हा फरक रिल्युझोलपेक्षा मोठा आहे, म्हणून आम्ही त्यासाठी भांडायला सांगतो.

मास्क दोन प्रकारचे ठेवा आणि आलटून पालटून लावा. नाहीतर नाकाच्या हाडावर जखम होते, आणि जखम झाली की यंत्र सुटतं. तिथे हायड्रोकोलॉइडची छोटी पट्टी लावा. हात न चालणाऱ्या पेशंटला तोंड-नाक झाकणारा मास्क स्वतः काढता येत नाही, उलटी आली तर धोका आहे, त्यामुळे मास्क लावून एकटं सोडायचं नाही. पावसाळ्यात एसी लावला की नळीत पाणी साचून नाकात येतं. नळीवर कापडी आवरण चढवा आणि यंत्र खाटेपेक्षा खाली ठेवा. मेट्रोच्या कामांची धूळ फिल्टरवर आठवड्यात राखाडी थर चढवते, तो दर आठवड्याला बघा.

कफासाठी दिवसातून दोनदा अँबू बॅगने (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) श्वासावर श्वास भरून मग खोकायचं शिकून घ्या. खोकल्याचा जोर मिनिटाला २७० लिटरखाली गेला की त्याला मदत लागते, १६० खाली गेला की कफ स्वतःहून निघत नाही. तेव्हा कफ असिस्ट यंत्र भाड्याने मिळतं. लाळ गळत असेल तर ग्लायकोपायरोलेट, अमिट्रिप्टिलीन किंवा जिभेखाली अॅट्रोपिनचे डोळ्यांचे थेंब देतात, पण प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं, कारण लाळ जास्त सुकली की कफ गोंदासारखा होतो आणि तो निस्तरणं अवघड.

वीज. महावितरणचा दुरुस्तीसाठीचा ब्रेक कळवून येतो, पावसातला कळवत नाही. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. ह्युमिडिफायर बंद ठेवून बायपॅप ५० वॉटच्या आसपास खातं, म्हणजे कागदावर ३६ तास. प्रत्यक्षात निम्मं धरा, जुन्या बॅटरीला त्याहून कमी. त्या लाइनवर पंखा, सक्शन (लाळ-कफ ओढून काढणारं यंत्र) आणि एक दिवा एवढंच ठेवा, फ्रिज नको. आणि काहीही झालं तरी अँबू बॅग मास्कसकट खाटेच्या दांडीला अडकवलेली हवी, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती दाबता आली पाहिजे.

बोलणं जाण्याआधीच बोलण्याची पर्यायी पद्धत बसवायला घ्या. आवाज स्पष्ट आहे तोवर फोनवर रोजची वाक्यं, नातवंडांची नावं, हाका, देवाची आरती, शिव्यासुद्धा रेकॉर्ड करून ठेवा. बोटं चालतात तोवर फोनवर मराठी टाइप करून मोठ्याने वाचून घेता येतं. पुढे डोळे उरतात, आणि तिथे आपली वर्णमाला फार कामाला येते, कारण ती मुळातच ओळींत लावलेली आहे. पहिली ओळ स्वरांची, मग क, च, ट, त, प, य, श. मदतनीस म्हणतो, ‘क-ओळ? च-ओळ? ट-ओळ?’ पेशंट हव्या त्या ओळीला नजर वर करतो. मग त्या ओळीतली अक्षरं. ‘पाठ’ हवं असेल तर प-ओळ, प, मग ट-ओळ, ठ. काना-वेलांटी विचारत बसायचं नाही, ‘प, ठ’ एवढ्यावर ‘पाठ?’ म्हणून विचारायचं. अंधारातही जमतं, तक्ता लागत नाही, कारण दोघांनाही क्रम पाठ असतो. ‘हो’साठी पापणी मिटणं ठेवू नका, ती आपोआपही मिटते, नजर वर हेच ‘हो’ ठेवा. आणि शब्द अर्धवट असताना घाईने पुरा करू नका. चुकीचा शब्द गळ्यात मारला की पेशंट बोलायचंच सोडतो.

याशिवाय एक छोटी यादी उशाशी: मान, कान, टाच, खाज, मास्क, पंखा, लघवी, सक्शन. यातला ‘कान’ कुणाला सुचत नाही. कुशीवर वळवताना कान उशीखाली दुमडला जातो, मास्कचा पट्टा त्यावर बसतो, आणि स्पर्श शाबूत असल्यामुळे तो रात्रभर ठणकतो. वळवून झालं की कान, खांदा, करंगळी, टाच एवढ्यांवरून हात फिरवायचा. डास चावला तर हाकलता येत नाही की खाजवता येत नाही, म्हणून खाटेला मच्छरदाणी हवीच. वळवायला खाली आडवी घडीची चादर ठेवा आणि दोघांनी चादर धरून सरकवा. दंडाला धरून कधीही ओढू नका, सैल पडलेला खांदा निखळतो.

घराची मापं लवकर घ्या. साध्या व्हीलचेअरची बाहेरून रुंदी २५-२६ इंच असते, आणि इथल्या फ्लॅटच्या बाथरूमचं दार पुष्कळदा त्याहून अरुंद. तिथे छोट्या चाकांची कमोड खुर्ची चालते, पण तीही दार मोजूनच घ्या. सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगांत किंवा नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर जिना चढता येतोय तोवर तळमजल्याची जागा बघा. लिफ्ट असेल तर तिच्यात स्ट्रेचर मावतं का ते मोजा. पायाचा पंजा लोंबायला लागला की एएफओ (घोटा-पंजा धरून ठेवणारा आधार), मनगट पडलं की स्प्लिंट. हाजी अलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत हे मापाने बनतं. मान पडत असेल तर खड्ड्यांत रिक्षाचा प्रवास कॉलरशिवाय करू नका.

कागदपत्रं सही चालते तोवर: बँकेची खाती जोडनावाने, नॉमिनी, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी हॉस्पिटलात. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, जुन्या करपद्धतीत, उपचाराच्या खर्चाची वजावट देणाऱ्या कलम ८०डीडीबीच्या यादीत, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर, मोटर न्यूरॉन आजार नावानिशी होता. पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला चेहरा दाखवून फोनवरही होतो. अंगठा उठत नसला तरी काम अडत नाही.

एक गोष्ट घरच्यांना फार दुखावते: पेशंटचं अकारण रडणं किंवा भलत्या वेळी हसणं. ते मेंदूचा रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटल्यामुळे होतं, त्याला औषध आहे. तसंच काही पेशंटचा स्वभाव आणि निर्णयशक्ती बदलते. तो आजाराचा भाग आहे, हट्ट नाही.

मोठा निर्णय राहतो तो श्वासनलिकेला छिद्र करून कायमच्या व्हेंटिलेटरचा. त्याने आयुष्य वाढतं, आजार थांबत नाही, आणि घरी दिवसरात्र सक्शन करता येणारी दोन माणसं आळीपाळीने लागतात. निर्णय पेशंटचा. तो आयसीयूच्या दारात, रात्री दोन वाजता घ्यायचा नसतो. नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मध्ये सोप्या झालेल्या पद्धतीने असं पत्र दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. घुसमटून जाण्याची भीती प्रत्येकाला असते. ती डॉक्टरांसमोर उघड बोला. मॉर्फिनचे छोटे डोस आणि चिंतेची औषधं धाप खरोखर कमी करतात, आणि वेळेवर सुरू केली तर शेवट बहुतेकांचा शांत होतो.

एक कागद दाराला आणि एक फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा, १०८ च्या डॉक्टरांसाठी. त्यावर मोठ्या अक्षरांत: निदान एमएनडी. पेशंटला सगळं ऐकू येतं, कळतं, ‘हो’ म्हणजे नजर वर. सपाट झोपवू नका. नुसता ऑक्सिजन लावून सोडू नका, कार्बन डायऑक्साइड वाढतो; बायपॅप सोबत आहे, तेच लावा. गुंगी देताना सक्सिनिलकोलीन वापरू नका. श्वासनलिकेच्या नळीबद्दल पेशंटचा निर्णय काय, पत्र कुठे आहे. न्यूरॉलॉजिस्ट आणि छातीचे डॉक्टर यांचे फोन. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी हॉस्पिटलचं नावही त्यावर लिहावं, रस्त्याच्या आपल्याच बाजूचं, आणि तिथे रात्री बायपॅप चालवणारा कर्मचारी असतो का हे दिवसा जाऊन विचारून यावं.